पदवीधर वहिनी आणि स्कूटरवाले भाऊ

अहो, जरा गडग्याशी या ना. तिथे नको, इकडे फणसाच्या बाजूला. तिथून बोललं की भाऊंच्या पडवीत सगळं ऐकू जातं, आणि गोष्ट भाऊंचीच आहे. म्हणजे वहिनींची. म्हणजे दोघांची... थांबा, सुरुवातीपासूनच सांगते.

माझी मुलुंडची नणंद आली होती बघा, 2024 च्या गणपतीला. तिचा जावई पवईच्या आयआयटीतला. नणंद कुठेही गेली की पाचव्या वाक्याला जावई येतोच. तर आरती झाली, भाऊ-वहिनी दर्शनाला आलेले, मी मोदक वाढत होते आणि भाऊंनी आपलं नेहमीचं सुरू केलं. ते गिरगावात मामाकडे राहून बीए झाले, कॉलेजला जाता-येता राजाबाई टॉवरच्या घड्याळावर वेळ लावायचे वगैरे. आपल्याला पाठ आहे हो! पण नणंदेला नवीन. तिने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाली, “आमच्या जावयांच्या बॅचने पंचवीस वर्षं झाली म्हणून आयआयटीला 57 कोटी दिले.”

भाऊ म्हणाले, “लाख म्हणायचंय तुम्हाला.”

“कोटी हो, कोटी. 1998 ची बॅच. पेपरात आलं होतं की!” आणि वर आणखी, “त्या नंदन नीलेकणींनी तर एकट्याने 315 कोटी दिले, 2023 च्या जूनमध्ये. 73 साली ॲडमिशन घेतली त्याला 50 वर्षं झाली म्हणून. आधीचे 85 कोटी वेगळेच.”

काय सांगू तुम्हाला, भाऊंच्या हातातला मोदक तसाच हातात. तूप मनगटापर्यंत ओघळलं तरी त्यांचं लक्ष नाही. कारण काय, तर भाऊंनी आपल्या कॉलेजच्या माजी विद्यार्थी संघाला एकदा पाचशे एक रुपये पाठवलेत, आणि त्याची पावती... पाहिलीत ना तुम्ही? फ्रेम करून. टीव्हीच्या वर.

पण भाऊ असे गप्प बसणारे का? घसा खाकरून म्हणाले, “कोटींचं कौतुक आम्हाला सांगू नका. प्रेमचंद रायचंदांनी त्या टॉवरसाठी दोन लाख दिले होते. तेव्हाचे दोन लाख! 1878 ला टॉवर उभा राहिला. आणि मागितलं काय, तर आईचं नाव.” राजाबाई म्हणजे त्यांची आई ना. हे मात्र मला आवडलं हो, खोटं कशाला बोलू? त्या माऊलीला दिसत नव्हतं, टोले ऐकून ती दिवस मावळायच्या आत जेवून घ्यायची, असंही म्हणतात. जैन ना ते. खरंखोटं देव जाणे.

तर काय सांगत होते... हां. भाऊ म्हणाले, “पैसे कोणीही देईल. विद्यापीठात आमचा शब्द चालतो. मी नोंदणीकृत पदवीधर आहे. सिनेटला मत देतो मी!”

नणंदेला सिनेट म्हणजे काय ते ठाऊक नाही. झालं! भाऊंना मैदान मोकळं. सिनेट म्हणजे अधिसभा, मुंबई विद्यापीठाच्या अधिसभेवर पदवीधरांनी निवडून द्यायच्या दहा जागा, पाच खुल्या, पाच राखीव. मतदार सात जिल्ह्यांतले, मुंबईपासून थेट आपल्या सिंधुदुर्गापर्यंत. तिथून जे मागे गेले ते 1862 सालात. पहिले बीए झाले ते चौघंच, रानडे, भांडारकर, मोडक आणि वागळे. त्यातले भांडारकर मालवणचे, शिकले आपल्या रत्नागिरीच्या शाळेत. हे भाऊ अशा थाटात सांगतात, जसं काही भांडारकरांच्या दप्तराला यांनीच हात लावलाय. “त्या चौघांच्या ओळीत बसतो आपण, पदवीधर म्हणजे साधी गोष्ट नव्हे,” असं म्हणाले.

आणि तेव्हा वहिनी बोलल्या. अहो, आपल्या वहिनी! ज्या मेथी निवडतानासुद्धा कोणाला ऐकू जाणार नाही अशा निवडतात. म्हणाल्या, “मिरजोळ्याला विद्यापीठाच्या उपकेंद्राला धनंजय कीरांचं नाव दिलंय. कीर मॅट्रिक होते.”

बस, एवढंच. आणि मोदकाचं नाक चिमटीने काढून तो खाल्ला. नणंदेने माझ्याकडे पाहिलं, मी नणंदेकडे. मी आपली उठून आत गेले, हसू आवरेना. आंबेडकरांचं चरित्र लिहिणारा माणूस तो, त्याला बीए कोणी विचारलं होतं?

पण खरी मजा पुढे आहे. ती सिनेटची निवडणूक म्हणजे काय प्रकरण झालं होतं ते तुम्हाला माहीतच आहे. 2023 च्या सप्टेंबरात व्हायची होती. ऑगस्टमध्ये रात्रीच्या रात्री परिपत्रक काढून थांबवली. म्हणे, यादीत घोळ. 94 हजारांवर नावं होती यादीत. मग नव्याने नोंदणी करायला सांगितली आणि नवी यादी आली ती किती? 13,406. अहो, सात जिल्ह्यांत मिळून तेरा हजार! आपल्या एका आळीत कोणाच्याही भिंतीवर बघा, गाऊन घातलेला फोटो आहेच. हातात ती गुंडाळी. कॉलेजच्या आठवणी काढायला सांगा, रात्र सरेल. आणि फॉर्म भरायला सांगा, तर “बघू हो, वेळ कुठे आहे?” मी काय बोलायची, आमचे हेही त्यातलेच. बीकॉम. फोटो हॉलमध्ये.

तर माझा पुतण्या होता एका पॅनेलच्या प्रचारात. कुठल्या ते विचारू नका, पुढे कळेलच. तो गणपतीत यादीचे कागद घेऊन घरोघर फिरत होता. आरती, प्रसाद आणि हळूच एक पत्रक. भाऊंकडे गेला. भाऊंनी खुर्ची दिली, चहा मागवला, पुन्हा भांडारकरांपासून सुरुवात केली. पोरगं बिचारं बोटाने यादीत शोधतंय. एकदा वरून खाली. एकदा खालून वर. मग म्हणाला, “भाऊ, तुमचं नाव नाहीये.”

“नीट बघ.”

“बघितलं. नवीन यादीसाठी परत फॉर्म भरायचा होता. भरला होतात का?”

भाऊंचा चेहरा असा उतरला म्हणता! म्हणाले, “एकदा भरला की भरला. पदवी काय दरवर्षी घ्यायची असते?” पुतण्या म्हणतो, मला वाईट वाटलं, उठायला लागलो, तेवढ्यात कागदावर आडनाव दिसलं. तेच आडनाव, तोच पत्ता. नाव वहिनींचं.

हो! वहिनींचं!

मला तर माहीतच नव्हतं की त्या बीए आहेत. तुम्हाला होतं? लग्नानंतर केलंय त्यांनी, इथल्याच कॉलेजातून. शेवटच्या वर्षाची परीक्षा दिली तेव्हा धाकटा पोटात. सासूबाईंना सांगितलं होतं डॉक्टरकडे जातेय म्हणून. हे सगळं मला नंतर वहिनींनीच सांगितलं, नारळ सोलता सोलता, अगदी काही विशेष नसल्यासारखं. नोंदणीचा फॉर्म कोणी भरून दिला? तर वाचनालयातल्या मुलीने. भाऊंना का नाही सांगितलं? म्हणाल्या, “त्यांनी विचारलं कुठे?”

आता यावर बोलणार काय माणूस!

बरं, पुढचा गोंधळ तर टीव्हीवरच दाखवत होते. 22 सप्टेंबर, रविवार, मतदान ठरलेलं. शुक्रवारी पुन्हा स्थगिती! आमच्या पुतण्याने दोन रात्री झोप काढली नव्हती, तो डोकं धरून बसला. शनिवारी हायकोर्टाने सांगितलं, घ्या म्हणजे घ्या. मग मंगळवारी, 24 ला ठरलं. कामाचा वार. आणि त्यात पितृपक्ष! माझ्या सासूबाईंचं आपलं एकच, “पितृपक्षात कोण शुभकार्य काढतं?” मी म्हटलं, आई, हे शुभकार्य कुठलं, निवडणूक आहे.

तर मंगळवारी सकाळी मी फुलं काढायला बाहेर, आणि समोर काय? भाऊ स्कूटर पुसतायत. वहिनी ती जांभळी नारायणपेठ नेसून उभ्या, पर्समध्ये ओळखपत्र, आणि भाऊ सांगतायत, “हे बघ, तिथे शिक्का मारायचा नसतो. नावापुढे आकडे लिहायचे. 1, 2, 3, असा पसंतीक्रम. मी सांगतो ती नावं लिहून घे.” वहिनींनी चिठ्ठी घेतली हं, नाही म्हणाल्या नाहीत. चार घड्या घालून पर्समध्ये ठेवली.

पुतण्या केंद्राबाहेर टेबल टाकून बसलेला, त्याने पाहिलेलं सांगते. वहिनी आत गेल्या. भाऊही मागोमाग निघाले, तर दारावरच्या पोलिसाने विचारलं, “काका, मतदार का?” भाऊ म्हणाले, “मी पदवीधर आहे.” तो म्हणाला, “यादीत आहात का?” मग काय, भाऊ बाहेर, वडाच्या पारावर. हेल्मेट मांडीवर. ओळखीचे येतायत, विचारतायत, “काय भाऊ, झालं मतदान?” आणि भाऊ म्हणतायत, “चाललंय, चाललंय.”

वहिनी आत किती वेळ! पुतण्या म्हणतो, इतर लोक आत गेले की पटकन बाहेर, आणि काकू काही येईनातच. एकेक नाव वाचून, विचार करून आकडे घालत होत्या म्हणे. बाहेर आल्या त्या रुमालाने बोटाची शाई वाळवत. भाऊंनी पहिलं काय विचारलं असेल? “कोणाला दिलंस?” आणि वहिनी म्हणाल्या, “गुप्त असतं ना ते?”

पारावरची सगळी माणसं हसली. भाऊ नाही हसले.

निकाल 27 ला लागला. आदित्य ठाकऱ्यांच्या युवासेनेने दहाच्या दहा जागा घेतल्या, 2018 सारख्याच. समोर अभाविप होती, त्यांना एकही नाही. पुतण्या दोन दिवस आमच्याकडे जेवायला आला नाही, आता तो कुठल्या पॅनेलचा होता ते तुमचं तुम्ही ओळखा. मला त्या राजकारणाचं सोयरसुतक नाही हो. पण कोर्टात जाऊन, तारखा बदलून, दोन-दोन वेळा थांबवून शेवटी मतं द्यायला आले किती, तर त्या तेरा हजारांतलेही निम्म्याहून जरा जास्त. एवढ्यासाठी एवढी धावपळ! काही कळत नाही बाई.

भाऊंना मात्र ते लागलंय. चिठ्ठीतल्या नावांना मत पडलं की नाही, हे अजून कळलेलं नाही ना. मधून मधून विषय काढतात. परवा म्हणे, “आपला तो तीन नंबरचा पडला, थोडक्यात पडला असेल, नाही?” वहिनी म्हणाल्या, “भाजीत मीठ बरोबर आहे का बघा.”

आणि आता ऐका. वहिनींच्या कॉलेजचा माजी विद्यार्थी मेळावा आहे, पुढच्या महिन्यात. पोस्टमनने पत्रिका भाऊंच्याच हातात दिली. पाकिटावर नाव वहिनींचं, पुढे बीए. पूर्ण नाव हं, माहेरचं कंसात. भाऊंनी पाकीट उलटंपालटं केलं, उन्हात धरलं, मी इथूनच पाहत होते. मी सहज विचारलं, “काय भाऊ, जाणार ना दोघं?” तर म्हणाले, “मला कुठे बोलावलंय? मी आपला सोडायला जाईन.” पण कालच त्यांनी पुतण्याला फोन करून विचारलंय की पुढच्या खेपेचे फॉर्म कधी निघतात म्हणून. अजून किती वर्षं आहेत, आणि आत्तापासून फोटो काढून ठेवलेत, पासपोर्ट साईझ. पुतण्या म्हणाला...

हळू, हळू! पडवीतला दिवा लागला. भाऊच येतायत इकडे. तुम्ही आपलं फणसाचं काहीतरी विचारा मला.