टक्केमामा

आमच्या टक्केमामांना एखादी मालिका कशी वाटली, हे थेट विचारायची सोय नाही. मामा आधी चष्मा शोधतात, मग मोबाइल, मग आकडा. आकडा सापडला की मत तयार होतं. आधीच मत तयार असेल, तर त्याला साजेसा आकडा सापडेपर्यंत शोध चालू राहतो.

मामा पन्नाशीतले, डोंबिवलीचे. ऐंशीच्या दशकात दूरदर्शनवर रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' ही अंतराळातली मालिका लागायची, तेव्हापासूनचं हे वेड. आळीतल्या बाकीच्या पोरांना पुढे नोकऱ्या लागल्या, लग्नं झाली आणि ती सुधारली. नोकरी आणि लग्न मामांचंही झालं.

'रॉटन टोमॅटोज' या समीक्षांच्या संकेतस्थळावरची टक्केवारी हे मामांचं दैवत. दहावीच्या निकालावर पोसलेल्या माणसाला टक्के म्हणजे गुणच वाटणार. प्रत्यक्षात ती नुसती डोकेमोजणी असते. शंभर समीक्षकांपैकी किती जणांनी बरं म्हटलं, एवढाच हिशेब. शंभराच्या शंभर जण "ठीक आहे, वेळ जातो" म्हणाले की शंभर टक्के. पन्नास जण वेडे झाले आणि पन्नास जण झोपले, तर पन्नास. साठपासून पुढे टोमॅटो ताजा, त्याखाली सडका. भाचीने हे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा मामा शांतपणे म्हणाले, "ते मला ठाऊक आहे गं. पण एकोणसाठ म्हणजे नापासच ना?"

मामांचा सुवर्णकाळ म्हणजे सप्टेंबर 2017. पंधरवड्याच्या अंतराने दोन मालिका आल्या. एक सेथ मॅकफार्लेनची 'द ऑर्व्हिल', जुन्या ट्रेकची प्रेमाने केलेली नक्कल. दुसरी खुद्द 'स्टार ट्रेक: डिस्कव्हरी'. पहिल्या सीझनला समीक्षकांनी 'ऑर्व्हिल'ला तिशीच्या आसपास बसवलं, तर प्रेक्षकांनी नव्वदीत नेलं. 'डिस्कव्हरी'चं नेमकं उलटं झालं. समीक्षक ऐंशीच्या पुढे आणि प्रेक्षक निम्म्यावर अडले.

"बघ!" मामांनी मोबाइल भाचीच्या नाकासमोर धरला. "समीक्षक सगळे विकले गेलेत. खरा न्याय जनता करते."

"अरे मामा, लोक एकही भाग न बघता एक-एक तारा ठोकून मोकळे होतात."

"जनतेला वासावरून कळतं."

2023 मध्ये ट्रेकच्याच 'पिकार्ड' या मालिकेचा तिसरा सीझन आला. 'नेक्स्ट जनरेशन' या आधीच्या ट्रेक मालिकेची जुनी मंडळी पुन्हा एकत्र आली आणि समीक्षक नव्वदीपार गेले. त्या दिवशी मामांनी समस्त समीक्षकांना माफ केलं. "शेवटी अभ्यासू लोक आहेत ते," म्हणाले.

मामांना खरं रंगात आणायचं असेल, तर क्लिंगॉनांच्या कपाळाचा विषय काढावा. गेल्या वर्षी एका लग्नाच्या पंगतीत कुणीतरी तो काढला. 1967 मध्ये हे परग्रहवासी मूळ 'स्टार ट्रेक' मालिकेत पहिल्यांदा आले, तेव्हा त्यांची कपाळं तुमच्या-आमच्यासारखी सपाट होती. 1979 च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटात मेकअपला पैसे मिळाले आणि कपाळावर हाडांचे उंचवटे उगवले. हे कसं झालं? 'डीप स्पेस नाइन' या ट्रेक मालिकेच्या 1996 मधल्या एका भागात वॉर्फ या क्लिंगॉनाला तोंडावर हाच प्रश्न विचारतात. आम्ही हे बाहेरच्यांशी बोलत नाही, असं सांगून तो गप्प बसतो. अखेर 2005 मध्ये 'एंटरप्राइज' या ट्रेक मालिकेने खुलासा केला की एका विषाणूने कपाळं सपाट झाली होती. खर्चाच्या अडचणीला इतकं शास्त्रशुद्ध कारण दुसऱ्या कुणी दिलं नसेल. आणि मग 2017 च्या 'डिस्कव्हरी'ने त्यांचं चक्क टक्कल केलं! इथे मामांचा आवाज चढला, आणि जिलबीचं ताट घेतलेला वाढपी मागच्या मागे पुढच्या पानाकडे सरकला.

"दुसऱ्या सीझनला केस परत आणले की त्यांनी," भाची म्हणाली.

"आणले, कारण आम्ही ओरडलो."

"पण 1979 सालीही रूप बदललंच होतं. तो बदल तुला कसा चालला?"

"तो विकास होता. हा अपमान."

"फरक काय?"

"1979 साली मी नऊ वर्षांचा होतो," मामा म्हणाले, आणि सगळा वाद एका वाक्यात मिटवून पापड मोडू लागले.

चाहत्यांच्या ताकदीवर मामांची अढळ श्रद्धा. मूळ मालिका गुंडाळायच्या बेतात होती, तेव्हा 1968 मध्ये चाहत्यांनी एनबीसी वाहिनीवर पत्रांचा पाऊस पाडून तिसरा सीझन मिळवला, ही कथा ते सत्यनारायणाच्या भक्तिभावाने सांगतात. त्या सीझनच्या पहिल्याच भागात स्पॉक या पात्राचा मेंदू चोरीला जातो आणि बहुतेक चाहते तो भाग हसण्यावारी नेतात, हा अध्याय मात्र ते वगळतात.

2024 मध्ये 'डिस्कव्हरी' पाच सीझन आणि 65 भागांनंतर संपली. मामांनी 65 च्या 65 भाग पाहिले होते, कारण पूर्ण पाहिल्याशिवाय नावं ठेवणं त्यांच्या तत्त्वात बसत नाही. मालिका संपल्यावर ते खूश असतील म्हणून मामींनी मुद्दाम शिरा केला. मामांनी बशी बाजूला सारली.

"पाचातच गुंडाळली? 'नेक्स्ट जनरेशन' सात, 'डीप स्पेस नाइन' सात, 'व्हॉयेजर' सात. यांनाच काय धाड भरली?"

रात्री त्यांनी आयएमडीबी हे संकेतस्थळ उघडलं आणि 'डिस्कव्हरी'ला आपण दिलेला एक तारा काढून आठ केले. भाचीने कारण विचारलं.

"सरासरी सुधारली तर पुन्हा सुरू करतील."

"आणि केली तर?"

"पहिला भाग येऊ दे," मामा म्हणाले, "परत एकवर आणतो."