सेट झाला का?

आमच्या आत्याला इंग्रजीतला एकच शब्द येतो. पण तो ‘सेट’ असल्यामुळे तिचं कुठं अडत नाही. थंडीत दही सेट होत नाही. आहेरात आलेल्या लेमन सेटमधले दोनच ग्लास शाबूत आहेत, तरी तो सेटच. पार्लरवाली केस सेट करते. मालिकेत सासू-सुना धाय मोकलून रडायला लागल्या, की ही डोळे पुसत म्हणते, “सेट मात्र भारी लावलाय हो!” पोरंपोरी एकमेकांना सेट करतात, हेही तिला ठाऊक आहे, ते ती भिंतीकडे बघत सांगते.

ऑक्सफर्डच्या १९८९ सालच्या थोरल्या शब्दकोशात याच शब्दाची नोंद सर्वांत लांब होती: अर्थ ४३०, मजकूर सुमारे ६०,००० शब्दांचा. पुढच्या आवृत्तीचं काम करताना मात्र कोशकारांना ‘रन’ या क्रियापदाचे ६४५ अर्थ सापडले आणि ‘सेट’ची गादी गेली. मी हे मोठ्या उत्साहानं आत्याला सांगितलं.

“गादी जाऊ दे. तुझा मुलगा सेट झाला का?”

इथं खरा घोटाळा आहे. चिरंजीव सेट उत्तीर्ण आहेत. पुणे विद्यापीठ घेतं ती, सहायक प्राध्यापकपदाची पात्रता परीक्षा. पात्रता आली, पद आलं नाही. तासिका तत्त्वावर ते तीन कॉलेजांत शिकवतात. एकीकडचा तास संपवून दुसरीकडे पळतात. तेव्हा ‘रन’ पुढे गेला, हे निदान आमच्या घरापुरतं खरं आहे.

“म्हणजे सेट झालाय, पण सेट नाही झाला?” आत्यानं विचारलं. चिरंजीवांच्या पिढीची अख्खी कहाणी तिनं एका वाक्यात बसवली.

आतोबा बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना सेट म्हटलं की सिमेंटच आठवतं. “साध्या सिमेंटला नियम आहे,” ते म्हणाले. “अर्ध्या तासाच्या आत घट्ट व्हायला लागायचं नाही आणि दहा तासांच्या आत पुरतं सेट झालंच पाहिजे. नाही झालं, तर माल परत.”

“याला कुठं परत करणार?” मी म्हणालो.

“घाई असली, तर लवकर सेट व्हायला त्यात रसायन मिसळतात,” आतोबांनी माहिती पुरवली.

आत्यानं खुर्ची माझ्याजवळ ओढली. “आणि कॉलेजात किती मिसळावं लागतं रे?”