उभ्या चौकटीतला पॉडकास्ट
पाहुणे दोन तास ज्वारीच्या वाणांवर बोलले. मधे एकदाच ठसका लागला, डोळ्यांत पाणी आलं. रीलमध्ये नेमकं तेवढंच: पिवळी ठळक अक्षरं, मागे व्हायोलिन, ‘...आणि सर रडले!’ पॉडकास्ट हे माध्यम मुळात कानांसाठी होतं म्हणे; आता माइकपेक्षा सोफा जास्त काळजीनं निवडतात. यूट्यूबनं ऑक्टोबर २०२४मध्ये शॉर्ट्सची मर्यादा एका मिनिटावरून तीन मिनिटांवर नेली, पण संकलकाचा प्रेक्षकावर तीन सेकंदांपलीकडे भरवसा नाही. म्हणून वाक्य क्रियापदाआधीच कापायचं. मराठीत क्रियापद शेवटी येतं, ही या धंद्याला व्याकरणाची देणगीच! क्लिप लाखांनी पाहिली. पूर्ण भाग पाहुण्यांच्या सौभाग्यवतींनी ऐकला, तोही दीडपट वेगानं.