फक्त ट्यूनिंग बाकी आहे

पुण्यातल्या कुठल्याही इंजिनिअरिंग कॉलेजच्या रोबोटिक्स क्लबात जा, तो भेटणारच. शर्टाच्या खिशात पेनाऐवजी टेस्टर, पॅन्टच्या खिशात टेनिस बॉल आणि बोटांवर फेव्हिक्विकचं पांढरं कवच. हजेरीच्या यंत्रावर आपला अंगठा उमटत नाही, याचा त्याला कोण अभिमान! हा लाँचरवाला. चेंडू फेकणारं यंत्र बनवणं हे त्याचं जीवितकार्य. मेकॅनिकलची डिग्री हा जोडधंदा.

यंत्राचं तत्त्व तो भेटेल त्याला समजावतो. कँटीनमध्ये चहाचे दोन रिकामे ग्लास आडवे धरून उलटसुलट फिरवायचे आणि मधून शेजाऱ्याचा क्रीमरोल ढकलायचा. "दोन चाकं, उलटी फिरणारी. मधली फट चेंडूपेक्षा जरा कमी. चेंडू चिमटला की सुटलाच! दोन्हींचा वेग सारखा तर सरळ. वरचं चाक जास्त पळालं तर टॉपस्पिन." क्रीमरोलचा मालक तेवढा यंत्रशास्त्राला कायमचा मुकतो.

गणित त्याला तोंडपाठ. १० सेंटिमीटर व्यासाचं चाक मिनिटाला २,००० फेरे फिरलं, तर कडेचा वेग सेकंदाला साडेदहा मीटर. ४५ अंशांत सोडलेला चेंडू ११ मीटरवर पडायला हवा. कागदावर पडतोही. लॅबमध्ये पडतो सहावर. मधले पाच मीटर कोणी खाल्ले, याची कारणं दररोज ताजी असतात: चेंडू नवा आहे, चेंडू जुना आहे, चेंडूची लव गेली आहे, पंखा चालू होता, सर बघत होते.

रोबोकॉन या रोबोट-स्पर्धेचा विषय काढाल तर लेक्चर बुडालंच म्हणून समजा. २००८ साली आंतरराष्ट्रीय रोबोकॉन पुण्यात झाली, विषय होता गोविंदा. तेव्हा हा बालवाडीत होता. पण सांगतो असं, की दहीहंडीचा शेवटचा थर यानेच लावला. २०२२ ची दिल्लीची तर त्याच्या मते घरचीच. विषय लगोरी! "आपण गल्लीत हाताने फोडायचो, आता मोटारीने फोडायची," असं म्हणताना त्याचा गळा दाटतो.

बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत त्याला उधारी मिळते. ७७५ नंबरची मोटार तो कानाशी धरून हलवतो, शाफ्ट बोटाने फिरवतो, तोंड वाकडं करतो आणि तीच घेतो. चाकाला पकड यावी म्हणून सायकलची ट्यूब कापून चढवतो. सायकल रूममेटची असते.

त्याचं एकच दैवत: स्वतःचा कान. मोटारीच्या आवाजावरून आरपीएम सांगतो. खरी गोम अशी, की ११.१ व्होल्टची लिपो बॅटरी पूर्ण भरली की १२.६ दाखवते आणि वापरू तशी उतरते. तिच्याबरोबर चाकं मंदावतात. शिवाय प्रत्येक चेंडू चिमटताना चाकाचा वेग थोडा पडतो. तो सावरायच्या आत दुसरा चेंडू सोडला, तर तो अलीकडेच पडणार. यावर उपाय एन्कोडरचा: चाकाचे फेरे मोजायचे, कमी पडले की करंट वाढवायचा. पण एन्कोडर म्हटलं की याचा चेहरा असा होतो, जणू कुणी गवयाला स्वर दाखवायला ट्यूनर दिला.

एक्स्टर्नल परीक्षेच्या दिवशी, आदली रात्रभर ट्रायल घेतल्यामुळे, बॅटरी अर्धमेली असते. बटण दाबलं जातं, चाकं घरघरतात आणि चेंडू अलगद सरांच्या बुटाशी येऊन थांबतो.

"हे अंडी घालायचं यंत्र आहे का?"

"नाही सर, लाँचर. फक्त ट्यूनिंग बाकी आहे."

प्रोजेक्टच्या अहवालात, म्हणजे ब्लॅक बुकात, मात्र 'फ्यूचर स्कोप' तीन पानांचा असतो. चंद्रावर नमुने फेकण्यापर्यंत.

पुढे तो हिंजवडीत आयटीत लागतो आणि दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधल्या चुका काढतो. पण रविवारी हटकून क्लबात हजर. ज्युनिअर्स "या दादा" म्हणत एन्कोडरची वायर गुपचूप त्याच्या हातात देतात, कारण ती उपटल्याशिवाय दादा स्टुलावर बसत नाही. मग तो डोळे मिटतो, मोटार ऐकतो, "आता सोड" म्हणतो आणि चेंडू खिडकीबाहेर जातो. संध्याकाळी तो गेला की पोरं वायर परत जोडतात. त्यानंतर प्रत्येक चेंडू बरोबर बादलीत. ही आनंदाची बातमी दादाला कुणी सांगायची, यावर क्लबच्या दोन बॅचेस पास होऊन गेल्या, एकमत काही झालेलं नाही.