बिनसलाईनचा दवाखाना

आमच्या गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्राबद्दल लोकांची पहिली तक्रार अशी, की तिथले डॉक्टर सलाईन लावत नाहीत. माणूस दोन दिवस तापाने फणफणलाय, भाऊबंदांना फोन गेलेत, थर्मासात चहा भरून तयार आहे, आणि हे डॉक्टर जीभ बघतात, पोट दाबतात, रक्ताचा नमुना घेतात नि सांगतात, "पाणी भरपूर प्या, या गोळ्या घ्या, परवा दाखवून जा." याला काय उपचार म्हणायचं? बरं, पैसेही घेत नाहीत. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळंच मोफत झालं आणि होती नव्हती ती पतही गेली. ज्या आजाराचं बिल नाही, तो सोयऱ्यांना सांगायचा कुठल्या तोंडाने? आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत माणसं आपापल्या ॲडमिटचे आकडे सांगतात. "साडेतीन लाख गेले," असं म्हणताना चेहरा दुःखी असतो, मान मात्र ताठ.

तिठ्यावरच्या खासगी दवाखान्यात रुग्णाची अशी उपेक्षा होत नाही. खाट रिकामी नसेल तर बाकावर निजवून भिंतीच्या खिळ्याला बाटली टांगतात. अर्ध्या लिटरच्या साध्या सलाईनमध्ये साडेचार ग्रॅम मीठ असतं. ग्लुकोजची पाच टक्क्यांची बाटली असेल तर पंचवीस ग्रॅम साखर, म्हणजे पाच-सहा चमचे. उलट्या थांबत नाहीत, शुद्ध हरपत चाललीय, रक्तदाब घसरलाय, अशा वेळी ही बाटली जीव वाचवते, यात वाद नाही. पण स्वतः मोटारसायकल चालवत आलेल्या माणसालाही 'अंगात ताकद यावी' म्हणून ती हवी असते. तेवढी साखर आमच्याकडे पाहुण्याला दोन कप चहात मिळते. फक्त चहा पिताना कोणी भेटायला येत नाही.

मीठ-साखरेचं हेच पाणी तोंडाने द्यायची पुडी आशाताई दारोदार फुकट वाटतात. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकीने थैमान घातलं, सलाईन पुरेना, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हे पाणी पाजून हजारो जीव वाचवले. पुढे १९७८ साली 'लॅन्सेट'ने हा कदाचित शतकातला सर्वांत महत्त्वाचा वैद्यकीय शोध ठरेल असं लिहिलं. आमच्या गावात 'लॅन्सेट' येत नाही. पुडी येते, आणि ती देवळीत, उदबत्तीच्या पुड्याशेजारी, मुदत संपेपर्यंत सुखाने नांदते.

सापाला मात्र प्रतिष्ठा कळत नाही. सलाईन पक्षाच्या एका खंद्या कार्यकर्त्याने सोयाबीनच्या गंजीत हात घातला आणि आत घोणस होती. ज्या खासगी दवाखान्यात त्यांचं खातं होतं, तिथल्या डॉक्टरांनी बाहेर येऊन, गाडीतच बघून, अत्यंत आपुलकीने सांगितलं, "वेळ घालवू नका, सरकारीत न्या." नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांच्या विषावरचं औषध सरकारी फ्रिजमध्ये असतं. पहिल्या डोसालाच दहा कुप्या लागू शकतात, रिॲक्शन आली तर रात्रभर उशाशी बसावं लागतं, आणि एवढं करून माणूस गेला तर नातेवाईक काचा फोडतात. असा धंदा सरकारनेच करावा. पिसाळलेल्या कुत्र्याचंही तसंच. शून्य, तीन, सात, अठ्ठावीस असे दिवस मोजून दंडाला सुई टोचून घ्यायला अख्खं गाव सरकारी केंद्राच्या ओट्यावर रांग लावतं; शाळेची गुरुजी मंडळीही असतात, सावकारही असतात. अठ्ठाविसाव्या दिवशी शेवटची सुई घेतली की माणूस बाहेर पडताना म्हणतो, "इथे काही सोय नाही बघा."

सोय नाही हे खरंच आहे, आणि ती नसूनही काय होतं ते महाडजवळच्या बिरवाडीला जाऊन विचारावं. कोकणात लाल विंचू चावला की मंत्र, दोरा, मग रडारड, असा क्रम ठरलेला होता. १९७०च्या दशकात बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचे तरुण डॉक्टर या रुग्णांच्या खाटेशी जागत बसले. विंचवाच्या विषाने हृदय थकतं, फुप्फुसात पाणी भरतं, हे त्यांनी टिपून ठेवलं आणि पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही साधी गोळी या कामाला लावली. शंभरातले चाळीसच्या आसपास दगावत, तो आकडा एकाच्या घरात आला. १९८२ साली त्यांचा लेख त्याच 'लॅन्सेट'मध्ये छापून आला, २०२२ साली पद्मश्री मिळाली. एखाद्या मल्टिस्पेशालिटीने हे केलं असतं तर महामार्गावर केवढा मोठा विंचू उभारला असता!

बाळंतपणाची तऱ्हा आणखी वाईट. सरकारी केंद्रात ते नॉर्मल होतं. नर्सबाई रात्रभर जागतात, दर थोड्या वेळाने बाळाचे ठोके ऐकतात, पहाटे बाळ रडतं आणि १०२ची गाडी मायलेकरांना घरी सोडून जाते. यात सांगण्यासारखं काय आहे? ना मुहूर्त, ना टाके, ना पॅकेज.

पण गावाचा खरा राग आहे तो घरी येणाऱ्यांवर. आपण आजारी पडून दवाखान्यात जायचं ही रीत. इथे दवाखानाच बॅटरी घेऊन तुमच्या टाकीत डोकावतो. आमच्या आळीतल्या बंगल्यात आशाताईंना फ्रिजमागच्या ट्रेमध्ये डासांच्या अळ्या सापडल्या. डेंग्यूचा डास स्वच्छ साचलेल्या पाण्यात होतो, म्हणजे खरं तर हा स्वच्छतेचा दाखलाच. पण वहिनींनी तो अपमान धरला. "आमच्याकडे आरओ आहे," असं त्यांनी सुनावलं. तेव्हापासून आशाताई फाटकाबाहेरूनच हाक मारतात आणि वहिनी आतूनच 'सगळं कोरडं आहे' म्हणून सांगतात.

सरपंचांचं दुःख निराळं. आरोग्यसेवक नळाच्या पाण्यात ओटीचे थेंब टाकतात. पाणी पिवळं झालं तर क्लोरीन आहे, नाही झालं तर नाही. आमचं पाणी आमच्यासारखंच, रंग दाखवत नाही. टीसीएलचं, म्हणजे ब्लीचिंग पावडरचं, पोतं उघडं राहून त्यातला क्लोरीन केव्हाच उडून गेलेला. पावसाळ्यापूर्वी आणि नंतर ही तपासणी होते, आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळं किंवा हिरवं कार्ड मिळतं. यंदा लाल मिळालं. सरपंचांनी तालुक्याला जाऊन कार्ड बदलून घ्यायचा प्रयत्न केला. पोतं बदललं असतं तर ते स्वस्तात झालं असतं, पण पोतं बदलायला तालुक्याला जावं लागत नाही.

सरकारचंही चुकतंच. तीस हजार वस्तीला एक केंद्र, डोंगराळ-आदिवासी भागात वीस हजारांना एक, असा नियम कागदावर लिहून ठेवला की लोकसंख्येने तो वाचून तेवढंच राहावं अशी अपेक्षा असते. इमारत मिळते, कारण इमारतीला कोनशिला बसते. डॉक्टरच्या रिकाम्या जागेला कोनशिला बसवता येत नाही. आहेत ते डॉक्टर सकाळी रुग्ण बघतात आणि दुपारनंतर आपण सकाळी किती रुग्ण बघितले ते तीन वेगवेगळ्या ठिकाणी भरतात.

पुढाऱ्यांची अडचण समजण्यासारखी आहे. न आलेल्या साथीची फीत कशी कापणार? न मेलेल्या मुलाच्या घरी भेटीला कसं जाणार? पण आमच्या गावातल्या तरुण मंडळाने यावर तोड काढली आहे. चौकात वीस बाय दहाचा फ्लेक्स लागणार आहे: 'गावात गॅस्ट्रोची साथ न आल्याबद्दल जाहीर आभार!' वर आमदारसाहेब, मध्ये सरपंच, खाली गॉगलवाल्या शुभेच्छुकांच्या दोन रांगा. आशाताईंचा फोटो घालावा अशी सूचना एका पोराने केली, ती विचारात घेतली गेली. परंतु प्रत्येक फोटोमागे पाचशे रुपये वर्गणी आहे, आणि आशाताई पडल्या स्वयंसेविका. त्यांचा गेल्या तिमाहीचा मोबदला अजून जमा व्हायचा आहे.