गुरूचा हात, काकांची बाटली

उत्तर सिक्कीममधल्या गुरुडोंगमार तळ्याला जाऊन आल्यापासून शेजारचे काका जरा उंचावरूनच बोलतात. तळं सतरा हजार फुटांवर, त्यामुळे तेवढा हक्क त्यांना आहे.

पहाटे चारला लाचेनहून निघून त्यांनी एका सकाळीत आपला देह अडीच हजार मीटर वर नेला. तिथे प्राणवायू आपल्याकडच्या निम्माच. हळू चालायचं आणि कमी बोलायचं, असा सल्ला देतात. काकांना दोन्हींची सवय नाही. शिवाय दुपारी वारं सुटतं म्हणून गाडीवाल्याने दर्शनाला वीसच मिनिटं दिली. त्यातली बारा फोटोत गेली, पाच हातमोजे शोधण्यात आणि उरलेली तीन काकूंचं ‘चला ना आता’ ऐकण्यात.

आख्यायिका अशी की, हिवाळ्यात हे तळं पार गोठायचं आणि लोकांना प्यायला पाणी मिळायचं नाही. गुरू पद्मसंभव आले, त्यांनी पाण्याला हात लावला आणि तेवढा भाग पुन्हा कधी गोठला नाही. एका स्पर्शात पाणीपुरवठा योजना पूर्ण! ना टेंडर, ना टँकर, ना उद्घाटनाचा नारळ.

काकांनी ही कथा डोळे मिटून ऐकली, हात जोडले आणि स्वेटरच्या आतून मिनरल वॉटरची बाटली काढून घोटभर प्यायले. स्वेटरच्या आतून अशासाठी, की लाचेनकरांनी 2012 सालीच गावात बाटलीबंद पाण्याला बंदी केली आहे. ‘बंदी गावात आहे, स्वेटरात नाही,’ हा काकांचा खुलासा.

उघड्याबोडक्या तपकिरी डोंगरांमध्ये निळंशार पाणी, पलीकडे बर्फाची शिखरं आणि काठावर फडफडणाऱ्या पताका. तेवढ्यात काकांच्या भाकरवडीची पिशवी वाऱ्याने उडाली आणि पाण्यात पडली. ‘विसर्जन झालं,’ म्हणून काकांनी पुन्हा हात जोडले. ते पाणी तीस्तेला मिळतं आणि तीस्ता बांगलादेशात ब्रह्मपुत्रेला. भाकरवडीला एवढी मोठी यात्रा पुण्यातूनसुद्धा घडली नसती.

रिकाम्या बाटलीत काकांनी तळ्याचं तीर्थ भरून आणलं. परवा सोसायटीत सगळ्यांना चमचा चमचा वाटलं. मी तळहात पुढे केला, तसं काकूंनी कानाशी येऊन दिलासा दिला,

‘निर्धास्त घ्या हो. उकळून प्युरिफायरमधून काढलंय. कुणाकुणाचे हात लागलेले असतात!’