विसळून लावणारे

नागपुरातलं धरमपेठ घ्या, लक्ष्मीनगर घ्या की बेसा. ज्या घरात डिशवॉशर आहे, त्या घरात विसळणारे काका हमखास असतात. २०२० च्या टाळेबंदीत भांडेवाल्या बाई येईनाशा झाल्या आणि बऱ्याच घरांत मशीन आली. पुढे बाई परत आल्या, मशीनही राहिली आणि तिची देखरेख निवृत्त काकांकडे गेली. जेवणं आटोपली की काका नळ मोठा सोडतात, ताटावरून घासणी फिरवतात, वाटीच्या काठाखाली अंगठा घालतात, पेला ट्यूबलाइटसमोर धरून डोळे बारीक करतात. असं लख्ख झालेलं भांडं मग ते धुवायला लावतात. काकूंनी हटकलं तर म्हणतात, "जराशीक विसळून राहिलो, बाकी मशीन करते." दोन तासांनी पेल्यावर पांढरी झाक दिसली की दोष अर्थातच मशीनचा.

काकांच्या कष्टांबद्दल वाद नाही. ते नको तिथे खर्च होतात, एवढंच. चांगल्या डिशवॉशर पावडरीत वरणातली प्रथिनं आणि भाताची पेज तोडणारी विकरं असतात. त्यांचं कामच काका काढून घेतात. शिवाय अनेक मशिनींचा ऑटो प्रोग्राम पाण्याचा गढूळपणा पाहून किती धुवायचं ते ठरवतो. पाणी नितळ दिसलं की ती आवरतं घेते, आणि पंधरा सज्जन ताटांच्या साक्षीवर कुकरचं एक खरकटं झाकण निर्दोष सुटतं. पाण्याचा हिशेबही पाहा. मशीन एका फेरीला साधारण दहा-बारा लिटर पाणी घेते. मोकळा सोडलेला नळ तेवढं दोन-तीन मिनिटांत संपवतो.

यावर काकांचं हुकमी उत्तर म्हणजे सावजीची तर्री. "विलायती मशीनले हे तेल झेपते का बाप्पा?" झेपतं. इंटेन्सिव्ह प्रोग्रामचं पाणी ७० अंशांच्या आसपास जातं, आणि त्या पाण्यात काकांना बोटही घालवणार नाही. जोसेफीन कॉक्रेन या अमेरिकन बाईंनी १८८६ मध्ये ज्या यंत्राचं पेटंट घेतलं, तेही घासून नव्हे, पाण्याच्या जोरावर धुणारं होतं. म्हणून हाडं, कढीपत्ता, मोहरी झटकून टाकावी (मोहरीचा दाणा फवाऱ्याच्या भोकात बसला की निघता निघत नाही), ताटांची तोंडं फवाऱ्याकडे करावी आणि वाट्या एकीत एक न घालता पालथ्या, तिरप्या लावाव्या. प्लास्टिकच्या डब्याला चढलेली हळद मात्र मशीनला सहजी जात नाही. काकांनाही जात नाही. मे महिन्यात रात्रीचा भात सकाळपर्यंत ताटावर दगड होतो, हा त्यांचा मुद्दा मात्र रास्त आहे. पण मशीन अर्धीच भरली असेल तर त्यासाठी नुसतं पाणी मारणारा छोटा प्रोग्राम बहुधा तिच्यातच असतो.

राहिली पेल्यावरची झाक. शहराच्या नळाला पेंच-कन्हानचं पाणी येतं, पण कडेच्या वस्त्यांत बोअर चालते आणि बोअरचं पाणी बहुधा जड. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम भांड्यावर सुकले की ती झाक येते. काका टीडीएस मीटर बुडवून आकडा सांगतात. पण तो आकडा पाण्यात विरघळलेल्या सगळ्याच क्षारांचा असतो, एकट्या जडपणाचा नाही. मशीनमधलं मीठ भांडी घासत नाही, पाणी मऊ करणाऱ्या राळेला पुन्हा ताजं करतं. ते डिशवॉशरचंच हवं, भाजीतलं नको. आणि पाण्याच्या जडपणाचा अंक मशीनवर नीट लावलेला हवा. फिल्टर काका उघडतच नाहीत, कारण "भांडे तर धुऊनच लावतो ना!" मशीनला येणारा कुबट वास बहुतेक वेळा तिथूनच येतो. तेव्हा घरात असे काका असतील तर वाद घालू नका. आठवड्याला फिल्टर धुण्याचं आणि मिठाचा दिवा लागला की मीठ भरण्याचं खातं रीतसर त्यांच्याकडे द्या, आणि नळ तेवढा बंद करा.